न येण्याचं कारण

ब्रिटनमध्ये आजारामुळे काम न जमणाऱ्यांच्या भत्त्यासाठी भरायच्या ईएसए-५० या फॉर्मच्या शेवटाकडे एक प्रश्न येतो. तोवर माणूस वीसेक पानं भरून दमलेला असतो: किती मीटर चालता येतं, हात डोक्यावर जातो का, शुद्ध हरपते का, अनोळखी माणसाशी बोलता येतं का. मग हा प्रश्न. समोरासमोर तपासणीला बोलावलं तर यायला काही अडचण आहे का, काही मदत लागेल का? २०१६ सालच्या अखेरीस, इंग्लंडच्या ईशान्येला स्टॉक्टन-ऑन-टीजच्या भागात राहणाऱ्या जोडी व्हाइटिंग यांनी या प्रश्नाला नेमकं उत्तर दिलं होतं. घराबाहेर पडणं जवळजवळ होत नाही, तपासणी घरीच व्हावी. जीव द्यावासा वाटण्याचे विचार बराच वेळ मनात असतात, हेही त्यांनी फॉर्ममध्ये लिहिलं होतं.

फॉर्म सरकारी खात्यात पोचला. घरी येण्याची विनंती मात्र कुणी पुढे सरकवली नाही.

व्हाइटिंग तेव्हा बेचाळीस वर्षांच्या होत्या, नऊ मुलांची आई. पाठीचा कणा वाकलेला, वेदना कायमच्या, मनाचा आजार जुना, दिवसाला तेवीस गोळ्या. दहा वर्षांहून जास्त काळ त्यांचं घर आजारपणाच्या भत्त्यावर चाललं होतं. खात्याच्या दृष्टीनं त्या काही काल आलेल्या अर्जदार नव्हत्या, त्यांची फाइल चांगली जाडजूड असणार.

ब्रिटनमध्ये या कामाचं खातं म्हणजे डिपार्टमेंट फॉर वर्क अँड पेन्शन्स. इथे सगळे त्याला डीडब्ल्यूपी म्हणतात आणि त्याची पत्रं खाकी लिफाफ्यात येतात. तो लिफाफा दारातून आत पडल्याचा आवाज आला की पोटात गोळा येतो, असं सांगणारी माणसं मला दर महिन्याला भेटतात. मी आठवड्यातून एक दिवस एका सल्ला केंद्रात स्वयंसेवक म्हणून बसतो. फॉर्म भरणं, पत्रं लिहिणं, फोनवर थांबून राहणं, असं साधं काम. तिथे नवीन येणाऱ्याला मी आधी हे प्रकरण वाचायला लावतो. भत्ता मागणाऱ्या अपंग माणसाला बोलावलेल्या जागी जाता आलं नाही तर त्याचे हक्क कोणते, आणि ते नेमके कुठे गळतात, हे सगळं यात एका ठिकाणी सापडतं.

ईएसए म्हणजे एम्प्लॉयमेंट अँड सपोर्ट अलाउन्स. २००८ साली सुरू झालेला हा भत्ता आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे काम करणं कठीण आहे अशांसाठी. तपासणीत पात्र ठरलेल्या माणसाला दोनपैकी एका गटात घालतात. सपोर्ट ग्रुपमध्ये गेलात तर कामाविषयीच्या मुलाखतींना जाण्याची सक्ती नाही. दुसऱ्या गटात, म्हणजे वर्क-रिलेटेड अ‍ॅक्टिव्हिटी ग्रुपमध्ये, गेलात तर जॉबसेंटरमध्ये, म्हणजे सरकारी रोजगार केंद्रात, सल्लागारापुढे बसून कामाबद्दल बोलावं लागतं, आणि ती मुलाखत सक्तीची. दोन्ही बोलावणी दिसायला सारखीच. तारीख, वेळ, पत्ता, आणि खाली 'न आल्यास' असा परिच्छेद. परिणाम मात्र वेगळे. मुलाखत चुकली तर भत्त्यात कपात होते. तपासणी चुकली तर 'तुम्ही काम करू शकता' असं गृहीत धरतात आणि भत्त्याचा पायाच निघून जातो. गंमत अशी की तपासणी हुकल्यावर लागणारा शिक्का कुठल्याही डॉक्टरनं तपासून दिलेला नसतो. तपासलंच नाही, म्हणून तुम्ही धडधाकट!

दोन्हींना वाचवणारा शब्द एकच आहे. ईएसएच्या २००८ च्या नियमांत तो 'गुड कॉज' असा येतो, आपण सबळ कारण म्हणू. तपासणीसाठी त्या नियमांतला चोविसावा नियम अगदी छोटा आहे. सबळ कारण ठरवताना तीन गोष्टी लक्षात घ्यायच्या: माणूस त्या वेळी देशाबाहेर होता का, त्याची तब्येत कशी होती, आणि त्याचं अपंगत्व कोणत्या प्रकारचं आहे. मुलाखतीचा एकसष्टावा नियम जास्त ऐसपैस आहे. भाषेच्या, वाचनाच्या किंवा शिकण्यातल्या अडचणीमुळे बोलावणं नीट कळलं नाही. नेहमीचं वाहन मिळालं नाही आणि दुसरी सोय नव्हती. दवाखान्याची वेळ होती आणि ती बदलणं रास्त नव्हतं. अचानक आजारपण आलं, किंवा जुन्या आजारानं, मनाच्या आजारानंसुद्धा, उचल खाल्ली. जवळच्या माणसाची अंत्ययात्रा त्याच दिवशी होती. अपंगत्वामुळे त्या वेळी तिथे जाणं व्यवहारात जमण्यासारखं नव्हतं. यादी माणसासारख्या माणसानं केलेली वाटते. बाहेर बोलावण्यानं तब्येतीला धोका असेल तर मुलाखत घरीच घेता येईल, अशीही तरतूद आहे. ती पुढे ढकलता येते. तिचा काही उपयोगच नसेल तर माफही करता येते.

मग अडतं कुठे? 'दाखवणे' या क्रियापदाशी. सबळ कारण असून भागत नाही, ते दाखवावं लागतं, आणि दाखवायचं कुणी, तर जो आला नाही त्यानं. मुलाखत चुकल्याचं पत्र मिळालं की ईएसएच्या नियमांप्रमाणे कामाचे पाच दिवस. पाय मोडलेला माणूस पाच दिवसांत फोन करू शकतो. पण ज्याच्या आजाराचं लक्षणच असं की लिफाफे फोडले जात नाहीत, फोन उचलला जात नाही, दार उघडलं जात नाही, त्याच्याकडून लेखी खुलासा मागायचा म्हणजे ताप आलेल्या माणसाला 'अंग गार करून या, मग ताप मोजू' म्हणण्यासारखं आहे. खात्याला हे ठाऊक नव्हतं असं मात्र नाही. म्हणून तर त्याच्या स्वतःच्या सूचनांमध्ये मनाच्या आजाराच्या लोकांसाठी जादा पायऱ्या होत्या: आधी फोन करा, नाही लागला तर घरी माणूस पाठवा, आणि मगच निर्णय घ्या.

आता तारखा.

तपासणीचं बोलावणं आलं १६ जानेवारी २०१७ चं, तपासणी केंद्रात, घरी नाही. त्या हिवाळ्यात व्हाइटिंग न्यूमोनियानं आजारी पडून रुग्णालयात होत्या, त्यांच्या मेंदूत द्रवाची गाठही (सिस्ट) आढळली होती. त्या गेल्या नाहीत. बोलावण्याचं पत्र आपल्याला कळलंच नव्हतं, हा त्यांचा खुलासा. ६ फेब्रुवारीला खात्यानं निर्णय घेतला: सबळ कारण नाही, ईएसए बंद. ईएसए गेला की घरभाड्याची मदत आणि कौन्सिल टॅक्सची (आपल्याकडच्या घरपट्टीसारख्या स्थानिक कराची) सवलत यांचीही साखळी तुटते, कारण कौन्सिलला तो संदेश आपोआप जातो. खरं तर उत्पन्न शून्यावर आलं तर घरभाड्याच्या मदतीचा हक्क बहुधा उरतोच, फक्त तो नव्यानं सांगावा लागतो. पण हे सांगणारं पत्र येत नाही, 'बंद' म्हणणारं येतं. व्हाइटिंग यांनी आपली बाजू कळवली, निर्णयाच्या फेरविचाराची मागणी केली. २१ फेब्रुवारीला त्यांनी स्वतःचा जीव घेतला. निर्णयापासून तो पंधरावा दिवस होता.

३१ मार्चला फेरविचाराचा निकाल लागला. खात्यानं आपला निर्णय फिरवला. भत्ता बंद व्हायला नको होता.

मी केंद्रात हे सांगतो तेव्हा इथे बहुतेक जण गप्प होतात, आणि मलाही पुढचं लगेच बोलवत नाही. पण प्रकरण म्हणून खरा अभ्यास यानंतर सुरू होतो, कारण ही गोष्ट नुसती दुःखाची राहू दिली नाही ती त्यांच्या आईनं, जॉय डव्ह यांनी.

पहिली चौकशी झाली ती कॉरोनरपुढे, २४ मे २०१७ ला. कॉरोनर म्हणजे संशयास्पद किंवा अनैसर्गिक मृत्यूचं कारण शोधणारा अधिकारी. मुंबईतही ही कचेरी नव्वदच्या दशकापर्यंत होती, जुन्या मुंबईकरांना शब्द आठवत असेल. व्हाइटिंग यांच्या मृत्यूची चौकशी सदतीस मिनिटांत आटोपली. भत्ता बंद होण्याचा आणि मृत्यूचा काही संबंध आहे का, हा प्रश्न त्या सदतीस मिनिटांत बसला नाही. आईला वकील नव्हता.

मग तक्रार गेली इंडिपेंडंट केस एक्झॅमिनरकडे. डीडब्ल्यूपीच्या कारभाराविरुद्धच्या तक्रारी तपासणारी ही यंत्रणा आहे. निकाल कायद्याचा लावत नाही, कारभाराचा लावते: तुमच्याच नियमांप्रमाणे वागलात का? फेब्रुवारी २०१९ मध्ये उत्तर मिळालं. मृत्यूपूर्वीच्या आठवड्यांमध्ये दुबळ्या माणसांना जपण्याचे स्वतःचेच नियम खात्यानं पाच वेळा पाळले नव्हते. घरी तपासणीच्या विनंतीवर काही केलं नाही. तपासणी चुकल्यावर फोन केला नाही. घरी कुणाला पाठवलं नाही. सबळ कारण आहे की नाही हे ठरवताना मनाच्या आजाराचं जे फाइलमध्येच होतं ते तोललं नाही. कुटुंबाला दहा हजार पौंड मिळाले.

पाचपैकी कुठलीही एक पायरी कुणी चढलं असतं तर काय झालं असतं, हा अंदाज मी बांधणार नाही. पण कागदावरून एक नक्की म्हणता येतं: यातल्या एकाही पायरीला नवा कायदा, नवा पैसा किंवा वरच्याची सही लागत नव्हती. फाइल उघडून एक फोन फिरवायचा होता.

दुसरं एक प्रकरण शेजारी ठेवल्याशिवाय हे पुरतं कळत नाही. नॉटिंगहॅमचे एरल ग्रॅहम, वय सत्तावन्न, तीव्र नैराश्य, माणसांपासून तुटलेले. २०१७ मध्ये त्यांनाही तपासणीला बोलावलं. त्यांनी फॉर्म भरला नाही, तपासणीला गेले नाहीत. इथे खात्यानं काही पायऱ्या चढल्या, ऑक्टोबरमध्ये दोनदा घरी माणूस जाऊन आला. दार उघडलं नाही. त्याच महिन्यात ईएसए बंद, पाठोपाठ घरभाड्याची मदत बंद. जून २०१८ मध्ये घर खाली करायला आलेल्या बेलिफांनी दार तोडलं तेव्हा ते मरून पडलेले होते. वजन तीस किलोच्याही खाली. घरात खाण्यासारखं म्हणजे मुदत केव्हाच उलटून गेलेले माशांचे दोन डबे. त्यांनी हातानं लिहिलेलं, न पाठवलेलं एक पत्रही सापडलं. माझ्याबद्दल न्यायानं ठरवा, अशी त्यात विनवणी होती.

व्हाइटिंग बोलल्या होत्या आणि ऐकलं गेलं नाही. ग्रॅहम बोललेच नाहीत, आणि न बोलणं हेच उत्तर धरलं गेलं. ग्रॅहम यांच्या मुलाच्या जोडीदार अ‍ॅलिसन टर्नर हायकोर्टात गेल्या. त्यांचं म्हणणं असं की धोरणच चुकीचं आहे, इतक्या आजारी माणसाचा भत्ता तोडण्याआधी खात्यानं स्वतः होऊन जास्त चौकशी करायला हवी. मार्च २०२१ मध्ये न्यायमूर्ती बोर्न यांनी याचिका फेटाळली, धोरण बेकायदा ठरत नाही म्हणाले. कायद्याच्या भाषेत तो निकाल कळतो. मला तो पटत नाही. नियम 'तब्येत लक्षात घ्या' म्हणतो. बंद दारावर दोनदा थाप मारून तब्येतीबद्दल काय कळतं? इतकंच कळतं की दार बंद आहे.

जॉय डव्ह यांची वाट वेगळी होती. त्यांना धोरण पाडायचं नव्हतं, मुलीच्या मृत्यूची पुन्हा आणि नीट चौकशी हवी होती. सप्टेंबर २०२१ मध्ये हायकोर्टानं नकार दिला. त्या अपील कोर्टात गेल्या. तिथे दोन मुद्दे होते, आणि हक्कांची भाषा समजून घ्यायला दोन्ही उपयोगी आहेत. पहिला मुद्दा जगण्याच्या हक्काचा, युरोपीय मानवी हक्क कराराच्या दुसऱ्या कलमाचा. सरकारी यंत्रणेच्या चुकीनं जीव गेला असेल तर या कलमाखाली चौकशी अधिक खोलवर जाते. हा मुद्दा त्या हरल्या. झालं ते वेगवेगळ्या माणसांच्या हातून झालेल्या चुका आहेत, व्यवस्थेचाच दोष सिद्ध होत नाही, असं कोर्टाचं म्हणणं पडलं. दुसरा मुद्दा साधा होता: नवा पुरावा आला आहे, तर न्यायाच्या दृष्टीनं नवी चौकशी होणं गरजेचं नाही का? पुरावा म्हणजे मानसोपचारतज्ज्ञाचं मत, भत्ता तुटणं आणि मनःस्थिती ढासळणं यांचा संबंध जोडणारं. हा मुद्दा त्या जिंकल्या. मार्च २०२३. कुटुंबाला हे जाणून घेण्याचा अधिकार आहे आणि समाजालाही, अशा अर्थाचं त्या निकालात आहे.

दुसरी चौकशी जून २०२५ मध्ये झाली. मृत्यूला आठ वर्षं उलटून गेली होती. कॉरोनर क्लेअर बेली यांनी भत्ता बंद होणं हाच त्या टोकाला नेणारा घाव होता असं नोंदवलं. २०१७ मध्ये सदतीस मिनिटांत जे विचारलंच गेलं नव्हतं, ते आता सरकारी कागदावर आलं.

'वेगवेगळ्या माणसांच्या हातून झालेल्या चुका' या शब्दांवर मी अजून अडतो. एकाच फाइलमध्ये पाच ठिकाणी, वेगवेगळ्या टेबलांवर, एकाच बाजूला झुकलेल्या पाच चुका होतात तेव्हा टेबलांची मांडणी तपासायला नको का? कोर्टानं ठरवायचं ते ठरवलं. पण सल्ला केंद्रात बसणाऱ्याला तो मांडणीचाच प्रश्न रोज दिसतो. विनंती लिहिण्याची जागा फॉर्ममध्ये आहे. तारीख मात्र भलतंच कुणीतरी ठरवतं. भत्ता तोडणारा तिसराच, त्याच्यापुढच्या स्क्रीनवर 'आले / आले नाही' एवढंच मोठ्या अक्षरात. घरी येण्याची विनंती असते मागच्या कुठल्यातरी पानावर. या जागा एकमेकींशी बोलत नाहीत, म्हणून ज्याला बोलता येत नाही त्यानंच सगळ्यांशी बोलत राहायचं.

यात एक कायदा मी अजून आणलाच नाही, आणि तो आणण्यात आपण सगळेच उशीर करतो. २०१० चा इक्वॅलिटी अ‍ॅक्ट. त्याच्या विसाव्या कलमाप्रमाणे अपंग माणसाची किरकोळ म्हणता येणार नाही अशी गैरसोय होत असेल तर सेवा देणाऱ्यानं, सरकारी खात्यानंसुद्धा, वाजवी फेरबदल करायला हवेत. मुलाखत फोनवर घ्या, वेळ दुपारची द्या, सोबत कुणाला येऊ द्या, पत्र मोठ्या अक्षरात पाठवा, घरी या. या कर्तव्याची खुबी अशी की ते आगाऊ लागू होतं. माणूस येऊन अडखळेपर्यंत थांबायचं नाही, असे लोक येणार हे धरूनच तयारी ठेवायची. सबळ कारण हा हक्क चुकल्यानंतरचा, तो बचाव आहे. वाजवी फेरबदल हा चुकण्याआधीचा. म्हणून मी सल्ला घ्यायला आलेल्यांना नेहमी म्हणतो, 'मी का आलो नाही' हे लिहायची वेळ येऊ देऊ नका, 'मी येऊ शकेन असं काय करता?' हे आधी लिहा. भारतातल्या २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यातही वाजवी सोयीची हीच कल्पना आहे. दोन्ही देशांनी संयुक्त राष्ट्रांच्या एकाच करारावर सह्या केल्या आहेत.

आज ईएसएची जागा बहुतांशी युनिव्हर्सल क्रेडिटनं, म्हणजे अनेक भत्ते एकत्र करणाऱ्या नव्या भत्त्यानं, घेतली आहे. २०१२ च्या वेल्फेअर रिफॉर्म अ‍ॅक्टमध्ये सक्तीची मुलाखत आहेच, शब्द बदलून 'गुड रीझन' झाला आहे, आणि कायद्यानं त्याची यादी दिलेली नाही. हे चांगलं की वाईट? दोन्ही. कुठलंही रास्त कारण चालू शकतं, पण बोट ठेवायला ओळ नाही. कामाची अजिबात क्षमता नाही असं ठरलेल्यांना मुलाखतीची सक्ती नाही. पण तपासणीची वाट बघत महिनोन्‌महिने काढणारे मधल्या काळात अधांतरी असतात. डॉक्टरचं आजारपणाचं सर्टिफिकेट दिलं की मुलाखत आपोआप रद्द होते, हा गैरसमज मला सगळ्यात जास्त भेटतो. होत नाही. ती रद्द करायची, हलकी करायची की फोनवर घ्यायची हे वर्क कोचच्या, म्हणजे जॉबसेंटरच्या सल्लागाराच्या, हातात असतं, आणि त्याला ते मागावं लागतं. चुकली आणि कारण मानलं नाही तर बहुतेकांची मूळ रक्कम तुटते, खात्यानं सांगितलेलं पूर्ण करेपर्यंत आणि वर आणखी सात, चौदा किंवा अठ्ठावीस दिवस. २०२५-२६ साली पंचवीस किंवा त्याहून जास्त वयाच्या एकट्या माणसाची मूळ रक्कम महिन्याला ४००.१४ पौंड होती. म्हणजे दिवसाला साधारण तेरा पौंड. अडचणीच्या काळासाठी वेगळी मदत मिळते, पण युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये ती कर्ज असते, पुढे कापून घेतात.

निर्णय पटला नाही तर आधी फेरविचार मागायचा, एका महिन्यात. उशिराचं चांगलं कारण असेल तर ही मुदत तेरा महिन्यांपर्यंत ताणता येते. फेरविचारातही नाहीच म्हणाले तर ट्रायब्युनलकडे अपील. ट्रायब्युनल स्वतंत्र आहे, आणि तिथे माणसाचं म्हणणं माणसं ऐकतात. फेरविचार कागदावर होतो, म्हणून कागद भरभक्कम हवा. व्हाइटिंग यांच्याबाबत निर्णय शेवटी त्याच पायरीवर फिरला होता, हे मी विसरू देत नाही.

मराठी लोक या खिडकीशी फार येत नाहीत. एक तर आपल्यातले बरेच जण कामाच्या व्हिसावर असतात आणि त्या व्हिसावर 'सरकारी मदतीवर हक्क नाही' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. त्यांनी युनिव्हर्सल क्रेडिटसारखी त्यात मोडणारी मदत मागायला जाऊ नये, व्हिसा धोक्यात येऊ शकतो. पण ज्यांना कायम राहण्याची परवानगी मिळाली किंवा जे नागरिक झाले, तेही लाजतात. 'भत्ता' हा शब्द उच्चारताना आवाज खाली जातो. वीस वर्षं नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे सरकारी विम्याची वर्गणी, भरलेला माणूस भीक मागायला आल्यासारखा उंबऱ्यावर उभा राहतो.

असेच एक काका मागच्या हिवाळ्यात आले होते. वय साठीच्या आतलं, पक्षाघातानंतर उजवी बाजू लुळी, बोलताना शब्द अडकायचे. काकू सोबत होत्या, पर्समध्ये तीन खाकी लिफाफे, एक फोडलेला, दोन तसेच. फोडलेल्यात मुलाखतीची तारीख होती, जॉबसेंटर दोन बस बदलून, सकाळी साडेनऊला.

"यांना फोनवर मुलाखत हवी असं आम्ही फॉर्मवर लिहिलंय," काकू म्हणाल्या. "मीच लिहिलंय, यांच्या सांगण्यावरून. फोटोपण काढून ठेवलाय."

फोटो छान होता. तारीख, सही, रकाना, सगळं दिसत होतं.

"लिहिलंय ना, काकू. पण ते वाचलंय का कुणी, ते विचारू या."

"म्हणजे? फॉर्म घेतला, तर वाचणार नाहीत का?"

मी फोन लावला, स्पीकरवर ठेवला. काकांनी तीन शब्दांत परवानगी दिली, मी त्यांच्या वतीनं बोलू शकतो अशी. त्या तीन शब्दांना त्यांना बराच वेळ लागला आणि पलीकडच्या बाईंनी तो शांतपणे दिला, हे सांगायला हवं. मग जवळजवळ चाळीस मिनिटं रांगेतलं संगीत. काकूंनी डब्यातून चिवडा काढला, काकांना डाव्या हातानं खाता येईल असा वाटीत घालून दिला. बाई परत आल्या. विनंती त्यांना आत कुठेतरी सापडली होती, पण मुलाखतीच्या नोंदीला जोडलेली नव्हती. आता जोडते म्हणाल्या. फोनवर, दुपारी दोननंतर, पत्नी सोबत असेल.

"जर्नलमध्येही एक ओळ टाकाल का?" मी विचारलं. जर्नल म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिटची ऑनलाइन नोंदवही. टाकली. काकूंच्या फोनवर टिंग झालं.

मी वहीत तारीख, वेळ आणि बाईंचं नाव लिहिलं. काकूंनीही लिफाफ्याच्या पाठीवर लिहून घेतलं, मग पेन काकांच्या डाव्या हातात दिलं, आणि उरलेले दोन लिफाफे फोडायला घेतले.